वेस्ट प्लमचा राहिलेला चौथा डाव

श्रीमंगलमूर्ती साह्य असो. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन वद्य प्रतिपदा, वार शुक्रवार, ते दिवशी नेब्रास्का प्रांती, मौजे वेस्ट प्लम येथील शाळेच्या मैदानावरी, दिवे लागल्यावरी जे युद्ध जाहले त्याची ही हकीकत. युद्ध अवघे अर्ध्या पळाचे, परंतु त्याची तयारी एकतीस वर्षे चालली होती. कौरवपांडवांचे अठरा दिवसांत आटोपले. इतका दम त्यांस नव्हता. पुढे कोणी म्हणेल कीं हे घडलेच नाही, अथवा घडले ते निराळे घडले. आणि त्या मुलखी कॉफीच्या दुकानांत बसोन निराळे घडविणारे बहुत. म्हणोन जैसे जाहले तैसे, पदरचे न घालितां, लिहून ठेविले असे.

राजश्री एल्डन हुबाचेक पंच, वय वर्षे एकाहत्तर, यांचे घराणे मूळचे बोहेमियाचे. पणजोबा जहाजातून उतरले, आणि चालत चालत जेथे झाडे संपली तेथे थांबले, आणि मका पेरला, आणि मग कोणी उठविले नाही म्हणोन तेथेच राहिले. एल्डनराव पोटासाठी सरकारी टपाल वाटीत आणि इमानासाठी फुटबॉलची पंचगिरी करीत. त्या मुलखी फुटबॉल म्हणजे पायाने चेंडू तुडविणे नव्हे. चेंडू अंड्यासारखा, दोहींकडे निमुळता. तो बगलेत मारून गनिमाची फळी फोडून पलीकडील रेघ गाठावयाची; गाठिली तर त्यास टचडाउन म्हणतात, गुण सहा. चार डावांत दहा यार्ड मुलूख मारिला तर पुढे चाल, न मारिला तर चेंडू गनिमाचे स्वाधीन. चेंडू धरणाराचा गुडघा भुईस टेकला कीं डाव संपला, आणि पंचाची शिट्टी वाजली कीं डाव मेला. मेला डाव ब्रह्मदेवाचेनेही उठत नाही. हे ध्यानी ठेवावे. पुढील सर्व अनर्थ यातूनच उद्भवला.

एल्डनराव तिसाव्या वर्षी या चाकरीत शिरले. प्रथम दहा यार्डांची साखळी धरून मैदानाचे कडेला उभे राहिले, मग कडेचे पंच जाहले, आणि मग नवव्या वर्षी शुभ्र टोपी मिळाली. पाच पंचांत चौघांच्या टोप्या काळ्या, एका सरदाराची तेवढी पांढरी. अंगी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा बाणा, कमरेस पिवळे निशाण. कसूर दिसली कीं ते भिरकावावयाचे, आणि वाऱ्याने उडों नये म्हणोन त्यांच्या कुटुंबाने, आर्डिथबाईंनी, त्याचे पोटात मक्याचे दाणे भरून शिवले होते. उजव्या हाताचे बोटांत रबराचे वेटोळे: पहिला डाव तर तर्जनीत, दुसरा तर मधल्या बोटात, ऐसे करीत चौथा करंगळीत, जपाचे मणी सरकवावे तैसे हे वेटोळे सरकावयाचे आणि मणी चुकू द्यावयाचा नाही. गाडी उभी करिती ती फाटकाकडे तोंड करून. कां कीं शेवटची शिट्टी वाजल्यावरी हरलेली रयत पाहुणचार करीत नाही, आणि शहाण्या सरदाराने परतीची वाट आधी पाहून ठेवावी.

शुक्रवारी ज्यांनी त्यांच्या डोळ्यांचा उद्धार करावा, शनिवारी सकाळी त्यांच्याच दारची पेटी उघडून टपाल टाकावे, ऐसा दैवाने मांडिलेला खेळ होता.

"काय रे एल्डन, पत्ता वाचता येतो वाटतं तुला!" पेटीपाशी टपून बसलेला एखादा शेतकरी म्हणे. "काल एवढी मोठी धरपकड दिसली नाही!"

"पत्ता एका जागी थांबतो, बर्नी," एल्डनराव म्हणत. "तुझा पोरगा थांबत नाही."

आर्डिथबाई विणकाम घेऊन प्रेक्षकांत बसत आणि ओळख देत नसत. एकदा शेजारणीने विचारिले, "हा पांढऱ्या टोपीवाला आंधळा कुठून आणला गं?" त्या टाका न चुकवितां म्हणाल्या, "कोण जाणे बाई. घरी बायको कशी सोसत असेल!" आणि शेजारणीने हळहळून त्यांस आपल्यातले अर्धे सँडविच दिले.

ऐसी एकेचाळीस वर्षे चाकरी जाहली. तमाम प्रांती लौकिक जाहला कीं हुबाचेक पंच शिट्टी तोंडात धरीत नाहीत, मुठीत धरितात. मुठीतून ओठांपर्यंत यावयास जो क्षण लागतो त्या क्षणात डोळ्यांनी पुन्हा एकवार पाहून घेतात, आणि मग वाजवितात. नव्या पंचांस हे उदाहरण देत. परंतु शिट्टी मुठीत कां गेली हे कोणास ठाऊक नव्हते. ते आतां लिहिणे प्राप्त.

शके १९१५ श्रीमुखनाम संवत्सरे, इंग्रजी सन १९९३, नवरात्रातील शुक्रवार. याच मैदानी वेस्ट प्लम आणि झेलिंका या दोन गावांची गाठ पडली. वेस्ट प्लमचे सेनापती मर्लिन टेसमर, ज्यांस तमाम रयत कोच म्हणे, तापट गृहस्थ, परंतु नियमांचे पुस्तक त्यांस मुखोद्गत. झेलिंका सतरा, वेस्ट प्लम तेरा. घड्याळ संपत आले, रेघ तेवीस यार्डांवर, डाव चौथा आणि अखेरचा. तेव्हां टेसमरांनी हूल रचिली. चौतीस क्रमांकाचा धिप्पाड गडी, ड्वेन लिंडग्रेन, चेंडू बगलेत असल्याचे सोंग करून मधोमध घुसला, आणि झेलिंकाची अर्धी फौज त्याचे अंगावर कोसळली. आणि खरा चेंडू कर्ट ओल्टमन नांवाच्या चपळ पोराने पोटाशी धरून उजवे बगलेने पळविला. झेलिंकाचा लायल पेखोटा तेवढा त्याचे मागे लागला, एक पाऊल मागे.

आणि शिट्टी वाजली.

कोणी वाजविली हे एल्डनरावांस निमिषभर कळेना. मग कळले कीं शिट्टी आपलेच दातांत आहे. थंडीने बोटे बधिर म्हणोन तोंडात धरिली होती; ड्वेन पडला, आणि डोळ्यांनी विचारण्यापूर्वीच श्वास निघून गेला. ढिगाखालून ड्वेनचे दोन्ही हात बाहेर आले होते, आणि तळवे उघडे, निर्जळी एकादशीच्या ताटासारखे रिकामे. एल्डनरावांनी ते पाहिले. इकडे कर्ट रेघ ओलांडून नाचत होता.

पुस्तकात लिहिले होते कीं शिट्टी अवेळी वाजली तर पंचाने कबूल व्हावे, आणि ज्याचे हाती चेंडू त्यास विचारावे: शिट्टी जेथे वाजली तेथे चेंडू ठेवूं, कीं डाव परत देऊं? घड्याळ संपले असले तरीही द्यावा. परंतु पांढरी टोपी मिळून जेमतेम दुसरे वर्ष, आणि दोन हजार लोक उभे, आणि मान मोठी अवघड वस्तु. एल्डनरावांनी घोषणा केली:

"बॉल चौतीसच्या हातात होता. तो पडला. डाव संपला."

टेसमर मैदानात आले. "एल्डन, त्याच्या हातात काय होतं ते माझ्या डोळ्यांत बघून सांग."

एल्डनरावांनी त्यांच्या खांद्याकडे पाहून तेच पुन्हा सांगितले. टेसमरांनी आपली फौज तशीच माघारी फिरविली, गनिमास हातही न मिळविता. आणि पुढे वर्तमानपत्रात चित्र छापून आले त्यात ड्वेनचे रिकामे तळवे आणि एल्डनरावांचे फुगलेले गाल एकत्र दिसत होते. ते चौकटीत घालून वेस्ट प्लमच्या कॉफीच्या दुकानात लटकविण्यात आले. टेसमरांचे घर एल्डनरावांच्या टपालाचे वाटेवर होते. त्यांनी दारची पेटी उपटून काढिली आणि सोळा मैलांवर दुसऱ्या गावी पेटी घेतली. सामन्याचे रात्रीच परतीचे वाटेत गाडीमध्ये सहपंच वेन पॅलिक याने एकदाच विचारिले, "चौतीसच ना?" एल्डनराव म्हणाले, "चौतीसच." वेनचे समाधान जाहले, आणि तो त्या दिवसापासून एल्डनरावांची ढाल जाहला. त्या दिवसापासून एल्डनरावांनी शिट्टी तोंडात धरिली नाही. लोक त्यास कसब म्हणाले. ते प्रायश्चित्त होते.

ऐसी वर्षे गेली, आणि एल्डनरावांनी यंदाचा मोसम अखेरचा ऐसे जाहीर केले, आणि पंचांचे मंडळाने त्यांचा सत्कार योजिला. स्थळ वेस्ट प्लम, समोर झेलिंका, सामन्याचे मध्यंतरी. मंडळाचे कारभारी वेन पॅलिक. स्थळ त्यानेच मुद्दाम निवडिले, कीं जेथे शिव्या पडल्या तेथेच फुले पडावी. आठ दिवस आधी तो मानपट्टिका दाखवावयास घरी आला. अक्रोडाचे लाकूड, त्यावर पितळी झालर, आणि मध्ये खोल अक्षरे: एकेचाळीस वर्षे, एकही शिट्टी अवेळी नाही.

दुपारचे जेवण चालले होते. बशीत राजमा-मांसाचा तिखट रस्सा आणि त्यासवे दालचिनीचा गोड पाव, जो त्या मुलखी रश्शात बुडवून खातात आणि बाहेरच्यांनी नाक मुरडले तरी खातात. एल्डनरावांनी अक्षरे वाचिली आणि पाव बशीत ठेविला.

"वेन, एक आहे."

"काय एक?"

"शिट्टी. अवेळी. त्र्याण्णव साली, वेस्ट प्लमला."

वेन खुर्चीत बसला. खुर्ची नसती तरी बसला असता. "चौतीस?"

"चौतीसच्या हातात काही नव्हतं. मी पाहिलं होतं."

"एकतीस वर्षं भांडतोय मी लोकांशी तुझ्यासाठी! सख्ख्या मेहुण्याशी बोलत नाही मी त्या चौतीसवरून! ख्रिसमसला तो एका खोलीत, मी दुसऱ्या खोलीत!"

"माहीत आहे, वेन."

"आणि लाकडात कोरलंय, एल्डन! शाईनं नाही लिहिलेलं!"

"गॅरेजमध्ये पॉलिश पेपर आहे," आर्डिथबाई रस्सा वाढीत म्हणाल्या.

दोघांनी त्यांचेकडे पाहिले.

"मला काय बघता? त्या सामन्यानंतर यानं शिट्टी तोंडात धरली नाही. ज्या गल्लीत कुत्रा चावला ती गल्ली माणूस सोडतो. कुत्र्याचं नाव तेवढं विचारलं नाही मी."

मग वेनने बहुत मसलत दिली. कीं आता कोणाचे काय जाते. कीं वेस्ट प्लमचे लोक शिव्या देऊन सुखात आहेत. कीं पट्टिका घ्यावी, फोटो काढावा, आणि सोमवारपासून मासे धरावयास जावे. एल्डनरावांनी सर्व ऐकून घेतले आणि उठून कोट घातिला. वेन म्हणाला, "कुठे?" एल्डनराव म्हणाले, "कोचकडे." आर्डिथबाईंनी उरलेले पाव डब्यात भरून दिले, कां कीं वकिलाने शत्रूचे दारी रिक्तहस्ते जाऊ नये.

टेसमर आता ब्याऐंशीचे. अंगणात काठी टेकून भोपळे उचलीत होते. एल्डनरावांस पाहून काठी आडवी धरिली.

"पेटी नाहीये इथे," ते म्हणाले.

"टपाल नाही आणलं, कोच. मी रिटायर झालो." एल्डनरावांनी टोपी काढिली. "त्र्याण्णवची शिट्टी चुकीची होती. चौतीसच्या हातात काही नव्हतं, आणि ते मला दिसलं होतं. मी खोटं बोललो."

टेसमरांनी काठी खाली टेकविली. मग म्हणाले, "परत म्हण." एल्डनरावांनी परत म्हटले. "परत." तिसऱ्यांदा म्हटले. आणि मग कोणास वाटेल कीं वृद्ध सेनापतीचे डोळे पाणावले असतील. परंतु ते भडकले.

"एकतीस वर्षं सांगतोय मी की तू चोर आहेस! आणि आज येऊन तूच सांगतोस? आता मी काय सांगू? रोज सकाळी कॅफेत बसून काय बोलू? पावसापाण्याचं?"

"मी माफी मागायला आलोय."

"माफी चर्चमध्ये माग, रविवारी. मला नियम सांग. अवेळी शिट्टी झाली तर पंचानं काय करायचं?"

"ज्याचा बॉल त्याला विचारायचं. शिट्टी झाली तिथं बॉल, नाहीतर डाव परत."

"मला कुणी विचारलं?"

"नाही, कोच."

"मग विचार की!"

एल्डनराव एकाहत्तरीचे, गुडघे दुखरे; परंतु भोपळ्यांचे मध्ये टाच जुळवून उभे राहिले आणि रीतीप्रमाणे पुसिले, "कोच टेसमर, वेस्ट प्लमची निवड काय?"

"डाव परत," टेसमर म्हणाले. "आणि त्या डब्यात काय आहे?"

येणेप्रमाणे तहाची कलमे ठरली. तोच डाव, तेच ठिकाण, तीच हूल, आणि होतील तितके तेच गडी. मग खलिते रवाना जाहले, आणि झेलिंकाकडून प्रथम जबाब आला कीं जिंकिला सामना परत खेळावयास आम्हांस काय वेड लागले आहे. परंतु त्या गावी लायल पेखोटा, जो तेव्हां एक पाऊल मागे होता, तो आता न्हावी जाहला होता, आणि गिऱ्हाइके खुर्चीत बसली कीं एकतीस वर्षे तेच म्हणत, "लायल, शिट्टीनं वाचलास बघ, नाहीतर तो पळालाच होता." लायलने वस्तरा खाली ठेवून सांगितले कीं गाव येवो न येवो, मी येतो, आणि दुकान बंद ठेवितो. तेव्हां गावाची हजामत अडली आणि गाव राजी जाहले. शाळेचे मुख्याधिकारी यांनी फर्मान काढिले कीं खेळणाराने कागदावर सही करावी: हाडे ज्याची त्याची, मोडल्यास ज्याची त्याने वेचावी. बँडच्या बाईंनी मध्यंतरातील एक गत सोडून दिली. ते दान लहान नव्हे, त्यात तुतारीचे एकट्याचे काम होते.

एल्डनरावांस मात्र त्या आठ दिवसांत अन्न गोड लागेना. टेसमरांचे अंगणात एका माणसापुढे बोलणे निराळे. शुक्रवारी भोंग्यापुढे उभे राहून, ज्या प्रांताने तीन तपांहून अधिक आपल्या शिट्टीवर विश्वास ठेविला, आणि ज्या पोरांनी आपले पाहून शिट्टी मुठीत धरिली, त्या सर्वांपुढे म्हणावयाचे कीं ते नाणे खोटे होते. "नाव जाईल," ते आर्डिथबाईंस म्हणाले. आर्डिथबाई म्हणाल्या, "जाऊ दे. ते पट्टिकेवर आहे ना, ते जाईल. तुझं तुझ्याजवळ राहील."

शुक्रवार उगवला. झेलिंकाची पोरे पहिल्या दोन पाळ्यांत पुढे होती. त्याचा या हकीकतीशी संबंध नाही. मध्यंतर जाहले. वेन पॅलिक पट्टिका हाती घेऊन आला. अक्षरे घासून काढिलेली, लाकूड कोरे, आणि त्याचे नखांत अद्याप भुसा. तो एल्डनरावांचे शेजारी उभा राहिला. एल्डनरावांनी भोंगा घेतला.

"एकतीस वर्षांपूर्वी याच मैदानावर मी अवेळी शिट्टी वाजवली," ते म्हणाले, "आणि मग ती लपवली. बॉल चौतीसकडे नव्हता, कर्ट ओल्टमनकडे होता. चूक माझी, आणि खोटंही माझंच. वेस्ट प्लमचा चौथा डाव राहिलाय. तो आता खेळू."

खाण्याच्या ठेल्यावरील बाईने रश्शाची पळी पातेल्यात तशीच सोडिली. मग वेस्ट प्लमचे बाकांवरून एक म्हातारी ओरडली, "आम्ही सांगतच होतो!" आणि दुसरा कोणी ओरडला, "एवढी घाई कशाला, एल्डन? अजून दहा वर्षं थांबायचं होतंस!" आणि दोन्हींकडची रयत हसली. त्या हास्यात क्षमा होती कीं चेष्टा होती, एल्डनरावांस कळेना. त्यांनी भोंगा वेनचे हाती दिला.

मग फौजा उतरल्या. पूर्वी जे हरणासारखे होते ते आता धान्याच्या पोत्यांसारखे, आणि कोणाचे गुडघ्यास पट्टा, आणि कोणाचे डोळ्यांस दोन नंबरचा चष्मा तो बायकोजवळ देऊन आलेला. कर्ट ओल्टमन डुकरांचे खाद्य विकीत असे आणि त्यातले काही स्वतः खात असावा ऐसा घेर. चौतीस क्रमांकाचा ड्वेन लिंडग्रेन आता लूथरपंथाचा पाद्री.

टेसमरांनी त्यांस वर्तुळात घेतले. "ड्वेन, हूल अशी दे की खरी वाटली पाहिजे."

"कोच, मी पाद्री आहे. खोटं वागू?"

"तोंड उघडू नकोस. खोटं बोलायचं नाहीये, नुसतं पडायचंय."

लायल पेखोटा पलीकडून ओरडला, "कर्ट, अँब्युलन्सला सांगितलंयस ना?"

"तुझ्यासाठी सांगितलीय, लायल! केस कापून कापून पळायचं विसरला असशील!"

एल्डनरावांनी वेटोळे करंगळीत सरकविले. शिट्टी मुठीत. चेंडू तेवीस यार्डांवर ठेविला. इशारा दिला.

चेंडू निघाला, आणि ड्वेन पाद्री दोन्ही हात पोटाशी घेऊन मधोमध घुसला, आणि झेलिंकाची सहा माणसे त्याचे अंगावर पडली. हूल आहे हे त्या सहाही जणांस ठाऊक, एकतीस वर्षे ठाऊक, चित्रासहित ठाऊक. तरीही पडली, कां कीं शरीरास सवय आणि पाद्र्यावर पडावयाची संधी पुन्हा कधी येणार. ढिगाखालून दोन हात बाहेर आले, तळवे उघडे. एल्डनरावांची मूठ ओठांपर्यंत आली. आणि थांबली. छातीत श्वास भरलेला, आणि तो बाहेर सोडावयाचा नाही; ऐसे व्रत फार थोड्यांस साधते. मूठ ओठांशी धरूनच त्यांनी मान वळविली आणि उजवीकडे पाहिले, आणि मग धावू लागले.

कर्ट पळत होता. तेवीस यार्ड पूर्वी तीन श्वासांत सरले असते. आता त्यांत एक माणूस आपले आयुष्य आठवून घेईल. वीस. पंधरा. लायल मागे, एक पाऊल मागे, तोंड उघडे. दहा. वेस्ट प्लमची रयत उभी राहिली. पाच. लायलने उडी घातली, आणि हाती कर्टचा सदरा आला, आणि सदरा ताणला, आणि फाटला, आणि अर्धा फाटून थांबला. आणि कर्ट दोन पावले त्यास तसाच ओढीत नेऊन कोसळला, आणि कोसळता कोसळता चेंडू दोन्ही हातांनी पुढे नेऊन रेघेपलीकडे टेकविला.

शिट्टी वाजली. एकदाच, पुरती, हवी तेव्हां.

वेस्ट प्लमच्या रयतेने हात वर केले, टोप्या उडविल्या, टचडाउन टचडाउन ऐसा कल्लोळ केला. कर्ट उताणा पडून आकाशाकडे पाहात होता. आणि एल्डनरावांनी हात वर केले नाहीत, जी पंचाची रेघ गाठिल्याची खूण. कां कीं त्यांनी पाहिले होते: गुडघा आधी टेकला, रेघेपासून हातभर अलीकडे, आणि चेंडू पलीकडे गेला तो त्यानंतर.

लायल धापा टाकीत जवळ आला आणि हळू म्हणाला, "देऊन टाक रे, एल्डन. काय जातंय? माझ्या वतीनं देऊन टाक."

हा मोह मोठा. दोन हात वर केले असते तर सर्व जुने फिटले असते, आणि वेस्ट प्लमने त्यांस खांद्यावर घेतले असते, आणि झेलिंकानेही कुरकुर केली नसती. एका खोट्याने जे नांव गेले ते दुसऱ्या खोट्याने परत येत होते, आणि घ्यावयास कोणी मना करीत नव्हते. एल्डनरावांनी चेंडू उचलिला, आणि गुडघा टेकला त्या जागी, रेघेच्या अलीकडे, ठेविला, आणि दोन्ही हात आडवे हलवून निकाल दिला: पोचला नाही.

कल्लोळ तुटला. मग शिव्या आल्या. "आंधळ्या!" "परत तेच!" "एकतीस वर्षांनी परत लुटलं!" एल्डनराव चेंडूपाशी उभे राहिले आणि पळाले नाहीत.

तेव्हां टेसमर उठले. काठी टेकीत टेकीत ते पूर्ण मैदान चालून आले, आणि ब्याऐंशीचे पाय चालतात तोवर सर्व गप्प राहिले. चेंडूपाशी येऊन त्यांनी एल्डनरावांस म्हटले, "माझ्या डोळ्यांत बघून सांग."

एल्डनरावांनी डोळ्यांत पाहिले. "गुडघा आधी टेकला, कोच."

टेसमर कर्टकडे वळले. "कर्ट?"

कर्ट कोपरावर उठला. गुडघ्यावर हिरवा डाग होता. तो त्याने पाहिला, आणि त्यास वाटले असेल ते वाटले. "आधी टेकला, कोच," तो म्हणाला. "मिस्टर हुबाचेक बरोबर आहेत. मला जाणवलं."

टेसमरांनी काठीने चेंडूपासून रेघेपर्यंत मोजिले. हातभर अंतर. मग त्यांनी मोठा श्वास सोडिला, ऐसा कीं जणू श्रीमुख संवत्सरापासून धरून ठेविला होता.

"म्हणजे हरलो," ते म्हणाले. आणि पुन्हा, जरा मोठ्याने, बाकांवरील सर्वांस ऐकू जाईल ऐसे: "हरलो रे! चला, रांग लावा!"

आणि पोक्त गडी उठले, आणि एकमेकांस हात देऊन उठविले, आणि पाद्री सहा जणांखालून निघाला, आणि हरलेल्यांनी जिंकलेल्यांसमोर रांग लाविली, जैसी पोरे खेळ संपल्यावरी लावितात, आणि एकेकाचा हात एकेकाचे हाती जात चालला, आणि प्रत्येकजण पुटपुटत होता, "छान खेळलात, छान खेळलात." लायल आणि कर्ट यांची गाठ पडली तेव्हां रांग थोडी खोळंबली. शेवटी टेसमर होते. झेलिंकाचा शेवटचा हात मिळवून जाहला तरी ते पुढेच चालत राहिले, आणि रांगेचे टोकास पंच उभे होते, त्यांचेपाशी थांबले. पंचास हात मिळविण्याची त्या खेळात रीत नाही.

"उशिरा वाजवलीस," टेसमर म्हणाले.

"वेळेवर वाजवली, कोच."

"हो," टेसमर म्हणाले, आणि हात पुढे केला. "तेच म्हणतोय."

बँड मैदानावर आला, आणि पुढील सामना चालू जाहला, आणि पोरांनी काय केले ते पोरांचे बखरीत पाहावे. या मोहिमेत मनुष्यहानी नाही. एक सदरा फाटला, दोन मांड्या धरल्या, पाद्र्यांस रविवारी उभे राहून उपदेश करवेना, तो त्यांनी बसून केला. एल्डन हुबाचेक पंच यांनी ते रात्री स्वहस्ते मंडळास लिहून दिला तो जाबता ऐसा: सामना श्रीमुख संवत्सराचा, वेस्ट प्लम विरुद्ध झेलिंका. अवेळी शिट्टी, एक. पंचास कबूल. डाव परत दिला. गुडघा आधी टेकला. निकाल पूर्वीचाच, सतरा-तेरा, आणि उभयतांस मान्य. येणेप्रमाणे फत्ते जाहली असे.